शेततळ्यांतील मासा घरीं कसा खावा

शेततळ्यांत मासे कसे वाढवावे याविषयीं शेतकरी बंधूंस आजवर पुष्कळ सांगण्यांत आलें आहे. मत्स्यबीज किती सोडावें, शेणखत किती टाकावें, जाळें केव्हां ओढावें, हें बहुतेकांस आतां ठाऊक आहे. परंतु जाळ्यांत आलेला मासा आपल्याच घरीं, आपल्याच चुलीवर कसा करावा, याविषयीं चार ओळी लिहिण्याचे श्रम फारसे कोणी घेतलेले दिसत नाहींत. परिणाम असा कीं, देशावरील कित्येक शेतकरी तळ्याच्या कांठीं उभे राहून सगळी मासळी व्यापाऱ्याच्या टेंपोंत भरून देतात व रात्रीं घरीं जाऊन पिठलें-भाकरी खातात. पिठल्याविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. पण जें अन्न आपल्या पाण्यावर व आपल्या खतावर वाढलें, तें घरांतील मुलांच्या व म्हाताऱ्यांच्या ताटांत न पडतां परभारें जावें, हा व्यवहार पुरता हिशेबी नव्हे. ज्यांच्या घरीं मासळी वर्ज्य आहे त्यांनीं हीं पानें खुशाल उलटावीं. हा लेख खाणाऱ्यांसाठीं, आणि त्यांतही खाऊं शकत असून न खाणाऱ्यांसाठीं आहे.

असें कां होतें, म्हणून विचारलें तर तीन उत्तरें मिळतात. तळ्याच्या माशास मातीचा वास येतो. त्याला कांटे फार. आणि शेतावरून थकून आल्यावर हा खटाटोप करण्यास वेळ कोणास आहे? पहिल्या दोन तक्रारी खऱ्या आहेत, व त्यांचा उपाय पुढें सांगितला आहे. तिसरी मात्र अगदींच लंगडी होय. बकऱ्याचें मांस शिजण्यास तास-दीड तास लागतो याचें कारण, त्या जनावरास आपलें ओझें चार पायांवर वाहावें लागतें. त्याच्या मांसाचे तंतु लांब व त्यांस बांधणारे धागे चिवट असतात. माशाचें ओझें पाणी वाहतें. त्याचे तंतु आंखूड असून ते पातळ पडद्यांनीं थराथरांत बांधलेले असतात, व हे पडदे थोड्याशा उष्णतेनें विरघळतात. म्हणूनच शिजलेला मासा बोटानें दाबतांच त्याच्या पाकळ्या सुटतात. बोटभर जाडीची तुकडी तव्यावर आठ-दहा मिनिटांत तयार होते. इतक्या वेळांत डाळीस एक उकळीही नीट येत नाहीं.

कटला, रोहू व मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यांतील मासे. वाहत्या नदींत पावसाळ्यांत त्यांची वीण होई, म्हणून पूर्वीं बीज नदींतूनच गोळा करावें लागे. १० जुलै १९५७ रोजीं ओडिशांतील अंगूल येथें डॉ. हिरालाल चौधुरी व डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनीं पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोंचून बंदिस्त पाण्यांत या माशांची वीण घडवून आणली, आणि तेव्हांपासून हें बीज हौदांत तयार होऊं लागलें. महाराष्ट्रांत २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना निघाल्यावर ज्या गांवांस नदी नाहीं व बारमाही ओढाही नाहीं, अशा गांवांतही तळीं झालीं व त्यांत हे गंगेचे पाहुणे येऊन राहिले. मासा आला, पण तो करण्याची रीत त्याच्याबरोबर आली नाहीं. कोंकणांत ती घरोघर आहे, नदीकांठच्या भोई मंडळींच्या घरीं आहे. माळरानावरच्या शेतकऱ्याच्या घरीं ती कोठून असणार?

आमच्याच घरची गोष्ट सांगतों. तळ्यांतून निघालेला पहिला सव्वा किलोचा रोहू आम्ही मोठ्या कौतुकानें घरीं आणला आणि मटणाचा जो रस्सा नेहमीं होतो तसाच त्याचा केला. आईनें एक घास घेतला व ताट बाजूस सारून म्हणाली, “चिखल शिजवलास होय रे?” त्या वर्षीं पुढें एकही मासा घरांत आला नाहीं. दिवाळीस चुलतबंधु सहकुटुंब आले तेव्हां वहिनींनीं, ज्यांचें माहेर मालवणाकडचें, त्याच तळ्यांतील तसाच मासा आगळ व हळद लावून तव्यावर केला. आईनें तीन तुकड्या खाल्ल्या. त्यानंतर आम्ही हें काम वहिनींपासून शिकलों, कांहीं चुका करून शिकलों, व त्यामागील कारणें मिळतील तेथून समजून घेतलीं. तेंच येथें क्रमानें देत आहें.

मातीचा वास कोठून येतो

पहिल्या पावसानंतर जमिनीस जो सुगंध सुटतो त्यांतील एक मुख्य द्रव्य जिऑस्मिन होय. मातींतील कांहीं सूक्ष्म जीव व तळ्यांतील निळें-हिरवें शेवाळ तें तयार करतात. वाऱ्यावर आलेला हा वास सर्वांस आवडतो, घासांत आलेला कोणास आवडत नाहीं. त्याचें सामर्थ्य असें कीं, सुमारें दहा कोटी लिटर पाण्यांत तें एक ग्रॅम असलें तरी तीक्ष्ण नाकाच्या माणसास कळतें. तीस मीटर लांब, तितकेंच रुंद व तीन मीटर खोल अशा शेततळ्यांत, कांठांचा उतार वजा जातां, वीस लाख लिटरांहून थोडें अधिक पाणी राहतें; म्हणजे एका ग्रॅमांत अशीं चाळीस-पंचेचाळीस तळीं वासाचीं होतील. हें द्रव्य माशाच्या कल्ल्यांतून त्याच्या अंगांत शिरतें व चरबींत जाऊन बसतें. म्हणून पोटाकडील चरबट भाग, कातडी व कातडीखालील तांबूस-काळपट मांसाची पट्टी यांस वास अधिक. ज्या तळ्यांत शेण फार टाकलें आहे व पाणी हिरवेंगार झालें आहे, त्यांतील मासा लवकर वाढतो हें खरें, पण त्याला वासही जास्त येतो.

यावर पहिला उपाय चुलीजवळचा नसून विहिरीजवळचा आहे. घरीं खावयाचे दोन-तीन मासे जिवंत धरून विहिरीच्या स्वच्छ पाण्याच्या हौदांत पांच-सहा दिवस सोडावे. हौद पांचशे ते हजार लिटरांचा असावा, व पाण्याची धार वरून पडत राहील असें करावें, म्हणजे पाण्यांत हवा खेळेल. या दिवसांत त्यांस खाद्य घालूं नये. पोट रिकामें होतें, आणि चरबींतील वास हळूहळू परत पाण्यांत उतरतो. नळाचें क्लोरीन घातलेलें पाणी वापरूं नये, मासा मरेल. हौदावर जाळी टाकावी. रोहू उडी मारतो, आणि बगळ्यास हौद लवकर सांपडतो. मासा लठ्ठ असेल वा थंडीचे दिवस असतील तर वास उतरण्यास अधिक दिवस लागतात. ज्या तळ्याच्या कांठीं फवारणीचे पंप धुतले जातात किंवा फवारलेल्या पिकांतून पाणी वाहून ज्यांत येतें, तेथील मासा मात्र हौदांत कितीही दिवस ठेवला तरी घरींही खाऊं नये व दुसऱ्यासही विकूं नये.

या हौदाचा दुसरा मोठा फायदा असा कीं, मासा जेवणाच्या घटकेपर्यंत जिवंत राहतो. शहरांतील श्रीमंत माणसास पैसे मोजूनही सहसा न मिळणारी ही गोष्ट आहे. त्यांतून जून व जुलै या दोन महिन्यांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असल्यामुळें समुद्राची मासळी दुर्मिळ व महाग होते. श्रावण लागेपर्यंतच्या त्या दिवसांत, तळ्यांत पाणी टिकलें असेल तर, घरचा मासा हाच खरा ताजा मासा.

साफ करणें

मासा काढल्यावर डोक्यावर लाकडी दांडक्याचा एक नेमका घाव घालावा, कल्ल्याखालील शीर कापून रक्त वाहूं द्यावें, व मग शेपटीकडून डोक्याकडे खवले काढावे. पोट चिरतांना सुरीचें टोंक फार खोल नेऊं नये. यकृताजवळ हिरवट रंगाची पित्ताची पिशवी असते, ती फुटली तर मांस कडू होतें. फुटलीच तर लागलीच धुवून मीठ चोळावें व हिरवा डाग पडलेला भाग कापून टाकावा. रोहूचें वा गवत्या माशाचें पित्त औषधी म्हणून गिळण्याची चाल कोठें कोठें आहे. ती अत्यंत घातक आहे. तें पित्त, कच्चें असो वा शिजवलेलें, गिळल्यानें मूत्रपिंडें निकामी झाल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत, त्यांत आपल्या देशांतीलही आहेत. पित्त फेंकून द्यावें, दुसरा विचार करूं नये.

पोटाच्या आंतील काळा पडदा व पाठीच्या कण्यालगत साचलेलें काळें रक्त सुरीनें खरवडून काढावें. पहिल्या खेपेस आम्ही हा पडदा तसाच ठेवला होता, आणि आईच्या घासांतील चिखलाचा मोठा वांटा त्याचाच असावा. मग एकदां स्वच्छ पाण्यानें धुवून बोटभर जाडीच्या तुकड्या कराव्या. तुकड्या पाण्यांत भिजत टाकूं नयेत. त्यानें चव जाते, वास मात्र राहतो.

मीठ, आंबट व मसाला

आतां मुख्य गोष्ट. मासा मुरत ठेवणें म्हणजे नेमकें काय, याविषयीं आपल्या घरांत मोठा गैरसमज असतो, व तो कैरीच्या लोणच्यावरून आलेला आहे. मीठ, आंबट, हळद व तेल लावलें कीं कैरी वर्षभर टिकते. तेव्हां तेंच माशास लावलें तर तोही टिकेल, आणि जितका अधिक मुरेल तितका चांगला लागेल, असें वाटणें साहजिक आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

दुसरी प्रथम घेऊं. सव्वा किलोच्या माशापासून डोकें व घाण वजा जातां पाऊण किलोच्या आसपास तुकड्या निघतात. पांच-सहा माणसांच्या घरास तेवढ्या पुरतात. त्यांस दोन चहाचे चमचे सपाट भरून मीठ व एक चमचा हळद चोळून दहा मिनिटें तिरक्या ताटांत ठेवाव्या. मीठ मांसांतील पाणी ओढतें, त्याबरोबर कांहीं वासही बाहेर येतो, व मांस घट्ट होतें. हें सुटलेलें पाणी टाकून द्यावें. रस्सा वाढेल म्हणून तें राखून ठेवण्याचा मोह कित्येकांस होतो, पण सगळा वास त्यांतच असतो.

नंतर आंबट लावावें. आगळ असेल तर दोन मोठे चमचे. मात्र त्यांत आधींच मीठ असतें, म्हणून अगोदरचें मीठ निम्मे करावें. आगळ नसेल तर सुपारीएवढी चिंच कोंबट पाण्यांत भिजवून तिचा घट्ट कोळ काढावा. एक लिंबू पिळलें तरी चालतें. चैत्रांत कैरी वाटून लावावी. ज्यांस आंबट सोसत नाहीं त्यांनीं घट्ट दहीं घ्यावें, तें सौम्य असतें. आंबटाचें काम दुहेरी आहे. मातीच्या वासाचें जें जिऑस्मिन वर सांगितलें, तें आम्लाच्या संगतींत मोडून बिनवासाचें होतें. अर्ध्या तासांत तें सगळेंच मोडेल असें नव्हे, परंतु हौदांतून आलेल्या माशांत मुळांतच थोडें उरलेलें असतें, व तेवढ्यास चिंच पुरी पडते. समुद्राच्या मासळीचा जो उग्र वास, तो निराळ्या अमाइन जातीच्या द्रव्याचा असतो. त्यालाही आम्ल बांधून ठेवतें, त्यामुळें तो हवेंत उडत नाहीं. कोंकणांतील बायकांनीं रसायनशास्त्र न वाचतां कोकम व चिंच यांस माशाजवळ बसविलें आहे, तें उगीच नव्हे.

पण आम्ल मांसावरही काम करतें. विस्तवाशिवायच तें मांस गोठवूं लागतें, आणि फार वेळ राहिलें तर तुकडी पांढरी, कोरडी व खडूसारखी भुसभुशीत होते. आम्ही एकदां दुसऱ्या दिवशींची सोय म्हणून रात्रींच चिंचेचा कोळ लावून फ्रीजमध्यें मासा ठेवला. संध्याकाळीं तव्यावर टाकला तों उलटतांना त्याचा चुरा झाला, व शेवटीं अंड्याच्या भुर्जीप्रमाणें तो परतून खावा लागला. आंबट लावल्यावर पंधरा ते वीस मिनिटें पुरेत. मटण लवकर शिजावें म्हणून कच्ची पपई लावतात, ती तर माशाच्या वाऱ्यासही नसावी.

त्यानंतर वाटण: दहा-बारा लसणीच्या पाकळ्या, बोटाच्या पेराएवढें आलें, मूठभर कोथिंबीर, व लाल तिखट दोन चमचे. साताऱ्या-कोल्हापुराकडे कांदा-लसूण मसाला घरांत तयारच असतो, तो दीड चमचा घेतला तर वेगळें तिखट नको. मसाला रात्रभरांत आंतपर्यंत शिरतो हा केवळ भ्रम आहे. मीठ व आंबट तेवढे आंत जातात. लसूण, मिरची वगैरे वरच्या पातळ थरापलीकडे फारशीं जात नाहींत. म्हणून वाटण लावून आणखी वीस मिनिटें ठेवलें कीं झालें. जाड थर देऊं नये. तव्यावर तो आधीं जळतो, आणि मग मासा कडू लागला म्हणून दोष माशाला येतो.

म्हणजे सगळें मिळून सुमारें पाऊण-एक तास होतो, परंतु त्यांत हात गुंतलेला असा वेळ पंधरा मिनिटांहून अधिक नाहीं. मीठ लावावें व धारा काढावयास जावें. येऊन आंबट लावावें व हातपाय धुवावे. वाटण लावावें व भाकरीचें पीठ मळावयास घ्यावें. भाकऱ्या होतात तों मासा तयार असतो.

मसाला लावला म्हणजे मासा टिकला असें नव्हे

पहिली चूक अधिक गंभीर आहे, व ती आम्ही स्वतः केली आहे. एका बुधवारीं आठवड्याच्या बाजारांतून बांगडे घेतले. सकाळीं दहाची खरेदी. मग बियाण्याचें दुकान, पंपाची दुरुस्ती, असें करीत घरीं येण्यास तीन वाजले, आणि तोंवर मासळी प्लास्टिकच्या पिशवींत उन्हांत होती. घरीं येतांच मीठ, हळद व चिंच चोळून ती झांकून ठेवली. फ्रीजमध्यें ठेवूं का, असें पत्नीनें विचारलें असतां, “आतां मसाला लागला आहे, कांहीं होत नाहीं,” असें उत्तर मींच दिलें. रात्रीं आठास बांगडे तळले. वास वाईट नव्हता. जिभेवर किंचित् चुरचुरल्यासारखें झालें, तें मिरचीचें समजलों. अर्ध्या तासांत माझा व धाकट्या मुलाचा चेहरा लालबुंद झाला, कान तापले, डोकें ठणकूं लागलें, आणि मुलाच्या अंगावर गांधी उठून त्याला धाप लागली. रात्रीं दहास मोटारसायकलवर त्याला पुढें धरून तालुक्याचा रस्ता धरला. औषध टोंचल्यावर तासाभरांत उतार पडला; परंतु ते सोळा किलोमीटर अजून विसरलों नाहीं.

डॉक्टरांनीं सांगितलें तें असें. बांगडा, कुपा, तारली अशा माशांच्या मांसांत हिस्टिडीन नांवाचें द्रव्य विपुल असतें. मासा उष्ण हवेंत राहिला म्हणजे जंतु त्यापासून हिस्टामीन तयार करतात. एकदां तें झालें कीं तळल्यानें जात नाहीं, उकळल्यानें जात नाहीं, बर्फांत ठेवल्यानेंही जात नाहीं. माशाकडे पाहून वा त्याचा वास घेऊन तें ओळखूं येईलच असें नाहीं. लोणच्यास जें मीठ पडतें त्याच्या पासंगासही आपलें दोन चमचे मीठ पुरत नाहीं. तेवढ्यानें हे जंतु थांबत नाहींत. टिकविण्याचें काम एकटी थंडी करते. म्हणून बाजारांतून मासळी आणणें झाल्यास ती खरेदी सर्वांत शेवटीं करावी, बर्फासह आणावी, व बर्फाबाहेर दोन तासांहून अधिक राहूं देऊं नये. वैशाखांत तर तासभरही पुष्कळ झाला. मुरवावयाची तीही, वेळ लागणार असल्यास, फ्रीजमध्येंच मुरवावी. त्या दिवशींचा दोष विकणाराचा किती व माझा किती, हें ठरविण्यास आतां साधन नाहीं; परंतु पिशवी उन्हांत पांच तास मींच ठेवली होती.

तळ्याचा मासा जिवंत आणून तासाभरांत तव्यावर जातो, तेथें हें भय बहुतेक उरतच नाहीं. आमच्या घरीं त्यानंतर बाजारची मासळी कमी व हौदांतील जास्त येऊं लागली, त्याचें कारण चवीपेक्षां हें अधिक आहे.

तव्यावर

तवा बिडाचा व जाड असावा. भाकरीच्या तव्यावर मासा करूं नये अशी घरांतील वडील बायकांची ताकीद असते, आणि ती सोंवळ्यापुरतीच नाहीं. दुसऱ्या दिवशींच्या भाकरीस वास लागतो. मासळीचा तवा निराळा ठेवावा व तो राखेनें किंवा चिंचेच्या चोथ्यानें घांसावा.

तुकड्या तांदळाच्या पिठांत थोडा रवा मिसळून त्यांत घोळवाव्या. तांदूळ घरीं पिकत नसेल तर ज्वारीचें बारीक पीठ घ्यावें. आम्हीं तेंच करतों, व त्यानें कवच कुरकुरीत होतें. तीन मोठे चमचे तेल चांगलें तापवून, पिठाची चिमूट टाकतांच ती चरचरूं लागली म्हणजे तुकड्या सुट्या सुट्या मांडाव्या. मांडल्यावर चार मिनिटें त्यांस हात लावूं नये. मासा तव्यास चिकटला अशी जी ओरड होते, ती बहुतेक घाई करणाराची असते. खालची बाजू पुरती भाजली कीं ती आपोआप सुटते. एकदांच उलटावें, आणखी चार मिनिटें ठेवावें. झांकण घालूं नये, वाफेनें कवच मऊ पडतें. कांट्यालगतचें मांस अर्धपारदर्शक न राहतां पांढरें दिसलें व पाकळ्या सुटूं लागल्या म्हणजे झालें. मोजावयाचें साधन असेल तर तुकडीच्या मध्यभागीं ६३ अंश सेल्सिअस उष्णता पुरेशी होते.

ज्यांस तेल वर्ज्य आहे अशा वृद्धांसाठीं हळद-मीठ-लिंबू लावलेली तुकडी केळीच्या पानांत गुंडाळून तव्यावर झांकण ठेवून पंधरा मिनिटें वाफवावी. आमच्या आईस आतां हीच रीत अधिक मानवते. ज्यांस रक्तदाब आहे त्यांचे मीठ निम्मे करावें व लिंबू थोडें वाढवावें.

खाण्याचा लाभ किती, हें थोडक्यांत सांगतों. रोहूच्या १०० ग्रॅम मांसांत १६ ते १७ ग्रॅम प्रथिनें असतात. प्रौढ माणसास वजनाच्या दर किलोमागें दिवसास सुमारें ०.८३ ग्रॅम प्रथिनें लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसास सुमारें ५० ग्रॅम. दीडशे ग्रॅम मासा त्यापैकीं निम्मा वांटा उचलतो. ज्वारींत लायसीन हा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो माशांत भरपूर आहे, म्हणून भाकरी व मासा एकमेकांस पूरक आहेत. ब-१२ हें जीवनसत्त्वही माशांत मिळतें, जें धान्यांत व भाजींत नसतें.

कांट्यांविषयीं राहिलें. कटला-रोहूच्या मांसांत गलोलीच्या बेचक्यासारखे बारीक दुफाटी कांटे विखुरलेले असतात; ते पाठीच्या व शेपटीच्या भागांत अधिक. पोटाकडील तुकडींत फक्त बरगडीचे मोठे कांटे असतात व ते सहज निघतात, म्हणून ती लहान मुलांस द्यावी. शेपटीची ज्यास खाण्याचा सराव आहे त्यानें घ्यावी. शेपटीकडील तुकडीवर मसाला लावण्यापूर्वीं पाठीच्या बाजूनें अगदीं जवळजवळ आडव्या चिरा पाडल्या तर बारीक कांटे तुटतात, तापल्या तेलानें कुरकुरीत होतात व बोचत नाहींत. हें काम धीराचें आहे, पण एकदां हात बसला कीं सोपें जातें. ज्यांच्या घरीं मुलें फार लहान आहेत त्यांस उजनीकडे मिळणारी चिलापी सोयीची. तिच्या मांसांत हे दुफाटी कांटे नसतात. घशांत कांटा अडकल्यास भाताचा गोळा किंवा केळें गिळून तो खालीं ढकलण्याचा घरगुती उपाय करूं नये. कांटा अधिक रुततो. डॉक्टरांकडे जावें.

आमच्या घरीं रविवार, बुधवार व शुक्रवार हे खाण्याचे वार, त्यांपैकीं एक तरी आतां माशाचा असतो. डोकें व शेपूट यांचें दुसऱ्या दिवशीं कालवण होतें, मात्र तीं रात्रभर फ्रीजमध्यें ठेवून.

साफ करतांना निघालेलीं आंतडीं, खवले व कल्ले उघड्यावर टाकूं नयेत. त्यांत नत्र व स्फुरद भरपूर असतें. लिंबाच्या आळ्याच्या कडेस हातभर खोल खड्डा करून त्यांत तीं पुरावीं, वर सुकी माती दाबावी व एक मोठा दगड ठेवावा. पहिल्या खेपेस आम्ही दगड ठेवला नव्हता; सकाळीं जाऊन पाहतों तों वस्तीवरच्या कुत्र्यांनीं आळें पुरतें उकरलें होतें आणि ठिबकची नळी तीन ठिकाणीं चावून ठेवली होती.